कोरड्यात ठेवलेली होडी

आमच्या संग्रहालयात पहिला प्रेक्षक आला तो सुताचा भाव विचारायला. दुसऱ्याने बाबीन मिळतील का विचारलं. तिसऱ्याने दारातून आत डोकावून होडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि "गलत जगह आ गया, भाई" म्हणत निघून गेला. त्यांची काही चूक नव्हती. शेड मुळात सुताच्या गोदामाची. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, समोर तागे भरायची जागा, आणि मध्ये आमचा बोर्ड : होडी संग्रहालय, भिवंडी. मागांच्या धक्क्याने तो बोर्ड आठवड्यातून एकदा तरी वाकडा व्हायचा आणि मी स्टुलावर चढून तो सरळ करायचो. इतिहासात बी.ए. झाल्यावर मिळालेलं माझं हे पहिलं काम.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी आजही सांगतो, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. गणेशपुरीच्या अलीकडे आमचं गाव, घरी भातशेती. वडलांना, म्हणजे आबांना, अक्षरओळख नव्हती. पुढे मी सरकारी खात्यात जन्मभर जुन्या वस्तू जपायचंच काम केलं आणि त्यातूनच निवृत्त झालो. त्या नोकरीत काय काय केलं ते कागदावर आहे. पण दिवाळी अंकासाठी 'अनुभव लिहा' म्हटल्यावर डोळ्यांपुढे आलं ते सत्तरच्या दशकातलं भिवंडीतलं एकच वर्ष. ते वर्ष कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या अर्जातसुद्धा मी ते गाळत आलो.

खाडीकाठच्या चार-पाच जुन्या घराण्यांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. एके काळी त्यांच्या होड्यांतून मीठ, भात, कौलं जायची. पूल झाले, रस्ते झाले आणि होड्या जळणात जायला लागल्या. त्या आधी काहीतरी ठेवावं, असं मंडळाचे चिटणीस अप्पासाहेब यांच्या मनात आलं. माणूस हौशी आणि सज्जन, पण नियमाचा पक्का. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, "होडीचा इतिहास येतो का?"

"शिकीन," मी म्हटलं.

"पोरगा खोटं बोलत नाही," असं ते शेजारच्याला म्हणाले आणि मला घेतलं. हे वाक्य पुढे मला फार टोचलं.

शेडमध्ये वल्ही होती, रेटायचे लांब बांबू होते, एका बाजूला तोल धरायला लाकूड बांधलेल्या उलांडीच्या होडीचा नमुना होता, नांगर म्हणून वापरलेले भोकाचे दगड होते. आणि मधोमध दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली एकलाकडी होडी. तुमच्यापैकी पुष्कळांनी तशी पाहिली नसेल म्हणून सांगतो. आंब्याचं एक मोठं खोड घ्यायचं. आतून थोडं जाळायचं, जळालेलं वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासून काढायचं, परत जाळायचं, परत तासायचं. बाहेरून बोटांच्या पेरांनी ठोकत जायचं. आवाज बदलला की समजायचं, आता इथे थांब, नाहीतर आरपार जाशील. फळी नाही, खिळा नाही, सांधा नाही. दोन माणसं आणि चार गोण्या नेणारी अख्खी होडी एका झाडाच्या पोटातून निघते.

ही होडी खाडीकाठच्या कोन गावच्या बाळारामनानांची. नाना जन्मभर लोकांना खाडीपार नेत होते. लोक एसटीने जायला लागले तसे ते घरी बसले. होडी त्यांच्या आज्याने कोरलेली. मी ती मागायला गेलो तेव्हा ते ओट्यावर जाळ्याची गाठ सोडवत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, सगळं काम हाताने चाचपून चालायचं.

"न्या," ते म्हणाले. त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' व्हायचा, होडीची होरी. "आमचे घरात आता कोनाला होरी नको, समद्यांना गारी पायजे. पन एक आयक, मास्तर. नारली पुनवंला तिला पान्यात घालाची. नारल द्याचा. अन मी बसनार. मी जितो हाय तवर."

मी कागद काढायला लागलो.

"लिवू नको रं. सिकलेला मानूस हायस. तुझा शबुद बास हाय."

मी शब्द दिला. ऑफिसात आल्यावर अप्पासाहेबांनी छापील नमुना पुढे केला. त्यावर लिहिलेलं होतं : विनाअट देणगी. मी नानांची अट सांगितली. ते म्हणाले, "अटी घालून वस्तू घेतल्या तर उद्या जो तो आपली परत मागायला येईल." मी विनाअट या शब्दाखाली नानांचा अंगठा घेतला. तो शब्द त्यांना वाचून दाखवला नाही.

आता माझी चूक. वस्तू जपायच्या धंद्यात निम्मं काम हवा आणि ओल यांच्याशी असतं. पण ते मला शिकवणारं तेव्हा कोणी नव्हतं. मला लाकूड माहीत होतं ते नांगराचं. आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, संपली की नांगर ओढ्यावर धुवायचा, सावलीत सुकवायचा, करंजाचं तेल चोपडायचं आणि माळ्याखाली दोराने टांगायचा. ओल लागली की नांगर गेला. त्याच मायेने मी होडी जपली. दिवाळीनंतर ती आली तेव्हा तिच्या पोटात अजून चिखल होता. तो मी खरवडून काढला, फडक्याने पुसली, तेल लावलं, अप्पासाहेबांकडे भांडून एक पंखा मागवला आणि तो होडीवर लावला. वर पत्रे, खाली पंखा. तीन महिन्यांत ती अशी हलकी झाली की एक टोक मी एकटा उचलायचो. मला वाटायचं, बघा, किती नीट ठेवलीय.

आबा एकदा भिवंडीला भाताच्या कामाने आले, तेव्हा मी त्यांना संग्रहालयात आणलं. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या. होडीवरून हात फिरवला, नाकाशी नेला, आणि म्हणाले, "चांगली सुकवलीस रं." आबांनी जन्मात माझं कौतुक केलं ते एवढंच. बी.ए.च्या निकालालाही ते नुसतं "बरं" म्हणाले होते.

प्रेक्षक यायचे ते फार करून मागावरचे कामगार. शिफ्ट सुटली की पंख्याखाली बसायला यायचे. कधी गणेशपुरीच्या आश्रमात आलेले गोरे लोक यायचे. त्यातला एक उंच, दाढीवाला, होडीसमोर मांडी घालून डोळे मिटून अर्धा तास बसला. उठताना त्याने विचारलं, ही अजून चालते का? मी अभिमानाने इंग्रजीत सांगितलं, नाही, आता ही संग्रहालयाची आहे. "बिचारी," असं काहीतरी तो म्हणाला आणि होडीला नमस्कार करून गेला. मी हसलो होतो.

चैत्र संपत आला होता. दुपारी अचानक लाइट गेली. भिवंडीत लाइट जाणं म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. हजारो माग एका क्षणात थांबतात आणि कानाला भोक पडल्यासारखं होतं. त्या शांततेत मला आवाज आला. टच्च. जरा वेळाने पुन्हा, टच्च. मी होडीजवळ गेलो. पुढच्या टोकापासून एक बारीक रेघ खाली उतरली होती. माझ्या देखत ती बोटभर पुढे सरकली. म्हणजे हे आवाज रोज होत असणार. मागांच्या खडखडाटात मला ऐकू आले नव्हते.

त्या दिवसापासून मला खुर्चीत बसवेना. दिवसातून दहादा उठून बघायचं. पहिल्या आठवड्यात फटीत एसटीचं तिकीट जात होतं. मग दुमडलेलं पोस्टकार्ड जायला लागलं. वैशाखात पेन्सिल गेली, आणि ती मी घाबरून अशी ओढली की टोक आतच राहिलं. मी अजून तेल लावलं. अजून पंखा लावला! मग मेणबत्त्या वितळवून त्यात काजळी कालवली आणि फट बुजवली. त्यापुढे दोरी बांधली आणि पाटी लावली : कृपया हात लावू नये.

पाटी कोणासाठी होती ते मला माहीत होतं. नाना दर शुक्रवारी यायचे. शुक्रवारी माग बंद, शहर शांत. कोनहून एसटीने यायचे, एका हातात काठी, दुसऱ्यात कधी सुके बोंबील, कधी वालाच्या शेंगा. डोळ्यांना दिसत नसलं तरी हाताला सगळं दिसायचं. म्हणून मी त्यांना दारातच खुर्ची द्यायचो आणि लगेच चहा मागवायचो.

"बरी हाय ना?"

"बरी आहे, नाना."

"आवाज करते का?"

"कसला आवाज?"

"काय न्हाय. इचारला." मग म्हणायचे, "जरा हात लावू दे की."

"तेल लावलंय, नाना. ओलं आहे. कपडे खराब होतील."

"कपरे!" ते हसायचे. "लंगोट लावून जलम काढला, आता कपऱ्यांची काय कालजी सांगतंस!" पण उठायचे नाहीत. मी वाचून दाखवलेल्या पाटीला मान देत. शिकलेल्या माणसाने लावलेली होती ना.

त्यांना विचारलं असतं तर एका मिनिटात उपाय कळला असता. पण विचारायचं म्हणजे आधी सांगायचं. मी बी.ए., पँट घालणारा, ते अंगठा लावणारे. होडी आणली तेव्हा मी त्यांनाच तिचा इतिहास समजावून सांगितला होता. पुस्तकं धुंडाळली, त्यात होड्यांचे फोटो होते, फटींचं कुठेच काही नव्हतं.

जेठाच्या उन्हात पत्रे तापले आणि मेण वितळलं. होडीखाली काळ्या थेंबांची रांग पडली. ती बघितली हनीफभाईंनी. शेजारच्या कारखान्यात ते चार माग सांभाळायचे. मूळ पूर्वेकडच्या, गंगेकाठच्या कुठल्याशा गावचे. दुपारी डबा आमच्याकडेच खायचे.

"बाबूजी, ये रो रही है क्या?" त्यांनी थेंबांकडे बोट दाखवलं. मग दोरीखालून वाकून फट बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी नजर चुकवली. "किसने सुखाया इसको?"

"मी. म्हणजे, मैंने. लकडी है, सडेगी ना."

"अरे, ये चारपाई थोड़ी है! हमारे यहाँ डोंगी को गर्मी में पत्थर भर के तालाब में डुबा देते हैं. पानी की चीज़ है बाबूजी, पानी में रहेगी. सूखे में तो फटेगी ही."

"डुबा देते हैं?"

"पूरी. ऊपर से भैंस नहाती है." मग डब्याचं झाकण लावत म्हणाले, "जिसकी है, उस बुड्ढे से पूछा?"

मी फडकं घेऊन थेंब पुसायला लागलो. ते मान हलवत शिफ्टला गेले. मी मात्र त्या दिवशी शेडमध्ये इकडून तिकडे किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. नारळी पौर्णिमेला दोन महिनेही उरले नव्हते. अशी होडी पाण्यात घातली तर नानांना घेऊन बुडेल. न घातली तर माझा शब्द गेला. आणि काहीच केलं नाही तर ती श्रावणापर्यंत दुभंगेल, मग घालायला होडीच उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी डोक्यात आलं की नानांना न सांगताच आपण खाडीत बुडवून ठेवू. बंदराशी जागाही बघून आलो. पण होडी उचलायला माणसं लागणार, दगड किती ते माहीत नाही, कुठे तोल जाईल ते माहीत नाही. जेठ सरता सरता शेवटी कोनची एसटी पकडली.

नाना ओट्यावर होते. मी उभ्या उभ्याच सगळं बोललो. पंखा, तेल, मेण, पाटी. पेन्सिलसुद्धा सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर आत तोंड करून सुनेला म्हणाले, "पानी दे मास्तरला." मी पाणी प्यालो.

"नांगर हाय का तो?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्तच लागलं. "मालावर टांगाला?"

"चुकलं, नाना. मी तिला खाडीत बुडवून ठेवणार होतो..."

आता मात्र ते काठी आपटून उठले. "खारे पान्यात? आरं खारे पान्यात किरा लागतो! चालती होरी आमी तेलानं, धुरानं जपतो, पन बुरवून ठेवली तर चालन करून टाकंल तिची! गोऱ्या पान्यात ठेवाची. तल्यात." मग खाली बसले. "सिकलेला सिकलेला म्हून मी पाटी ऐकत बसलो. मना हात लावू द्याचा व्हता. हातालाच समजला असता."

मी अप्पासाहेबांकडे परवानगी मागितली. ते हसलेच. "संग्रहालयातली वस्तू तळ्यात बुडवायची? कोणत्या नियमात बसतं हे? आणि श्रावणात जिल्ह्याचे मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. त्यांना काय दाखवू?" त्यांनी मला सुतार बोलवून फटीवर पट्टी मारायला सांगितलं. खिळ्यांनी. ज्या होडीत तीन पिढ्यांत एक खिळा नव्हता.

मी सुतार बोलावला नाही, हनीफभाईंना सांगितलं. पुढच्या शुक्रवारी ते आपले चार दोस्त घेऊन आले. कल्याणला तागे नेणाऱ्या एका टेम्पोवाल्याला त्यांनी पटवलं होतं. होडीला चिंध्यांत गुंडाळून आम्ही ती ताग्यांवर ठेवली. नोंदवहीत मी त्या दिवसाखाली लिहिलं : वस्तू दुरुस्तीसाठी बाहेर. खाली सही केली, पूर्ण नावाची, पदवीसकट.

कोनच्या तळ्यात गुडघाभर पाण्यात नाना स्वतः उतरले. पहिल्यांदा त्यांनी फटीवर हात ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मग माझी पेन्सिल नखाने उकरून काढली आणि माझ्या हातात दिली. दगड कुठे किती ते तेच सांगत गेले. एकदम बुडवायची नाही. आज चार दगड, परवा चार. घाईने पाणी पाजलं तर लाकूड एका बाजूने फुगतं आणि उलटं फाटतं. पाचव्या दिवशी होडी पाण्याखाली गेली. वर फक्त एक बांबू खूण म्हणून.

साहेबांच्या भेटीला आठ दिवस होते तेव्हा अप्पासाहेबांना रिकामे घोडे दिसले. "होडी कुठं आहे?"

"तळ्यात, साहेब."

"तुम्ही पदवीधर ना?"

"म्हणूनच, साहेब."

हे उत्तर मला आवडलं होतं. त्यांना नाही. "भेटीच्या आधी होडी जागेवर हवी. नाहीतर तुम्ही जागेवर नकोत."

मी कोनला गेलो. नाना म्हणाले, अजून निम्मी भिजलीय, आता काढून पत्र्याखाली नेली तर दोन तुकडे होतील. "तुझी नोकरी हाय. तू सांग." मी तिथून उठून तळ्याला एक फेरी मारली. मग दुसरी. आबांना काय सांगायचं याचाच विचार डोक्यात. परत येऊन म्हटलं, "राहू दे."

मोठे साहेब आले. हार घेतला, वल्ही बघितली, रिकाम्या घोड्यांपाशी थांबून विचारलं, "इथे काय होतं?" मी सांगितलं, एकलाकडी होडी, कोनच्या तळ्यात भिजत ठेवली आहे. "अच्छा," ते म्हणाले, घड्याळात बघितलं आणि पुढच्या कार्यक्रमाला गेले. ज्याच्या धाकाने हे सगळं झालं तो माणूस शेडमध्ये पाच मिनिटं होता. अप्पासाहेबांनी तरी आपला शब्द पाळला. मला दुसऱ्या दिवशी कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं, हे पुढे माझ्या हाताखाली माणसं आल्यावर मला कळलं.

नारळी पौर्णिमेला होडी वर काढली. फट मिटली होती, पूर्ण नाही. तिकीट गेलं नसतं, पण नख अडकत होतं. हनीफभाईंनी कारखान्यातला वाया गेलेल्या सुताचा गुंता आणला होता. नानांनी तो पीळ देऊन फटीत ठोकला, वर गरम राळ ओतली. सुनेने हळदकुंकू लावलं. नारळ दिला. होडी खाडीत लोटली तेव्हा मी आणि हनीफभाई काठावर हात जोडून उभे राहिलो, कोणाला बाळंतपणाला नेल्यासारखे.

ती तरंगली. नाना आत बसले, वल्हं हातात घेतलं, बसल्या जागी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकून तिचा तोल बघितला. पन्नास वर्षांचं ते बसणं होतं. मग माझ्या दिशेने तोंड करून ओरडले, "येस ना! पानी कोन काढंल?"

वर्षभर मी लोकांना होडीचा इतिहास सांगितला, पण होडीत पाय ठेवला तो त्या दिवशी. नानांनी मला मागे बसवलं आणि एक पत्र्याचा डबा दिला. राळेखालून पाणी झिरपत होतं. फार नाही, पण थांबतही नव्हतं. माझे पाय भिजले, मग पँट. काठावर हनीफभाई लहान दिसायला लागले. मी धीर करून विचारलं, "नाना, हे पाणी कधी थांबेल?"

त्यांनी वल्हं थांबवलं नाही. "तुला फट कवा समजली व्हती?"

"चैत्र संपताना."

"अन मना कवा सांगितलास?"

"जेठ सरताना."

"दोन म्हैने," नाना म्हणाले. "तेवढंच पानी येतंय बघ. ते आता येनारच. काढ."

मी डबा बुडवला.